चावी शेगावला

"सिस्टर, चावी कुठे आहे?" डॉक्टरसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी खरं सांगून टाकलं.

"शेगावला."

सकाळचे सव्वासात वाजले होते. आदल्या संध्याकाळच्या वादळात तारा तुटल्या होत्या, त्यामुळे आमच्या आरोग्य केंद्रात लाईट नव्हती. जनरेटरनं दोनदा घसा खाकरला आणि तो गप्प बसला. आणि आयएलआरला कुलूप होतं.

आयएलआर म्हणजे लसी ठेवायचा फ्रिज. आइस्क्रीमच्या दुकानात आडवी पेटी असते ना, तसाच, झाकण वर. लस दोन ते आठ डिग्रीमध्ये राहायला हवी. आठच्या वर गेली की तिचा भरवसा संपतो, आणि बाटलीकडे बघून ते दर वेळी कळतंच असं नाही. या फ्रिजच्या भिंतीत बर्फ धरलेला असतो, म्हणून लाईट गेली तरी तो बराच वेळ दम धरतो. अट एकच, झाकण उघडायचं नाही.

मी तिथं आरोग्य सहायिका होते. कागदावर फ्रिजची जबाबदारी माझी, पण सत्ता गुलाबभाऊंची. हुद्दा परिचर. जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या केंद्रात त्यांनी उभी हयात काढली होती. फ्रिजच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, हा त्यांचा कायदा. झाकण दिवसातून दोनदाच उघडणार, सकाळी आणि संध्याकाळी. मधे कोणी मागितलं तर देवळातल्या पुजाऱ्यासारखं म्हणत, "आता पट बंद हायेत." नव्या डॉक्टरसाहेबांनी एकदा पाण्याची बाटली थंड करायला आत ठेवली. गुलाबभाऊंनी ती त्यांच्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तिथं लेकराइचं औषध राह्यते." साहेब पुण्याचे. त्यांनी आठवडाभर त्या खोलीला 'गाभारा' म्हटलं, आणि मीही हसले. मी याच जिल्ह्यातली, सुलतानपूरची, पण देवधर्माच्या बाबतीत जरा कोरडीच.

तर हे गुलाबभाऊ शेगावला सेवेला गेले होते. गावच्या मंडळाच्या यादीत नाव देऊन तीन वर्षं वाट पाहिल्यावर त्यांची तीन दिवसांची पाळी आली होती. रजेवर सही मीच केली. चावी मागून घ्यायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मी फोन लावला.

"गुलाबभाऊ, फ्रिजची चावी?"

"माह्याजवयच हाये, शिस्टर."

"जवळ म्हणजे?"

"खिशात. समाधीले लावाले आनली होती. काल गर्दी लय होती, हात पोचला नाई."

सरकारी चावी दर्शनाला नेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी लाईटचं सांगितलं. वस्तीवरचं लसीकरण आजच आहे, हेही सांगितलं.

ते म्हणाले, "झाकन उघडू नोका. म्या येऊन राह्यलो."

या वस्तीसाठी माझा जीव खालीवर होत होता. डोंगराच्या कुशीतली ती वस्ती, तिथल्या बायका पोरांना टोचून घ्यायला तयारच नसत. आमच्या आशाताईंनी, म्हणजे तिथल्या आशा सेविकेनं, घरोघर बसून चार महिने समजूत घातली. मागच्या वेळी त्या पोरं घेऊन झाडाखाली जमल्या, आणि आमची जीप वाटेत बंद पडली. त्यांनी आशाताईंना सांगून ठेवलं होतं, या खेपेला आला नाहीत तर परत बोलावू नका.

साहेबांनी रफिकभाईंना बोलावलं. बाजारात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांनी कुलूप पाहिलं, कडी पाहिली आणि मान हलवली.

"कटर हाये शिस्टर, पन चालवू कशावर? लाईट कुठी हाये? अन् हातोडा घातला तं कडीसंगं झाकन फाटन. सारा गारवा निघून जाईन."

"अशी कडी बसवली कोणी?" साहेब चिडले.

"म्याच. गुलाबभाऊ बोलले का, अशी बसव का तुलेबी काढता येऊ नाई."

काम चोख झालं होतं, त्यात वाद नव्हता.

तापमानाचा आकडा फ्रिजच्या बाहेर दिसतो, एवढं नशीब. आठ वाजता पाच पूर्णांक एक. नऊ वाजता पाच पूर्णांक आठ. मी ठरवलं, साडेसात डिग्री दिसले की हातोडा. रफिकभाई हातोडा मांडीवर घेऊन बसले. साहेब दर पाच मिनिटांनी आकडा बघून येत आणि मला सांगत, जणू मी बघितलाच नव्हता. दरम्यान मी डीप फ्रीझरमधले आइसपॅक बाहेर मांडले. ते लस न्यायच्या डब्यात थेट घालत नाहीत, त्यांना आधी घाम फुटू द्यावा लागतो. नाहीतर काही लसी गोठतात, आणि गोठलेली लसही बाद. वाट बघताना मला शेगावची गाडी आठवत होती, नांदुऱ्याला बदलायची गाडी आठवत होती, आणि तो माणूस कुठल्या स्टँडवर अडकला असेल ते डोळ्यांसमोर येत होतं. मी कोणाला तरी हात जोडत होते. कोणाला, ते विचारू नका.

पावणेअकराला कोणाच्या तरी मोटारसायकलवरून गुलाबभाऊ उतरले. अंगात पांढरे कपडे, छातीवर सेवेकऱ्याचा बिल्ला तसाच. आकडा सात पूर्णांक एक.

दारात येऊन ते थांबले आणि वाकून चपला काढू लागले.

"अहो, आधी उघडा!" साहेब ओरडले.

"एक मिंट, साहेब."

कुलूप उघडलं. गुलाबभाऊंनी एकेक आइसपॅक कानाशी धरून हलवला, आत पाणी खळखळतं का ते ऐकलं, अजून घट्ट असलेले दोन बाजूला काढले. लसी डब्यात गेल्या. साडेबाराला आम्ही झाडाखाली पोचलो, तेव्हा बायका उठायच्याच बेतात होत्या. एकोणीस पोरं होती. पहिलं पोर रडलं, तेव्हा मला हायसं वाटलं. पोराच्या रडण्यानं इतकी खूश मी नोकरीत पुन्हा कधी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे मेमो द्यावा लागला. 'शासकीय चावी मुख्यालयाबाहेर नेल्याबाबत.' गुलाबभाऊंनी वाचला आणि सही केली. त्यांचा खुलासा मीच लिहून दिला. त्यात चावी न मागता रजा मंजूर करणारी मी, हेही लिहिलं.

मग मी विचारलं, "तुमची सेवा बुडली ना?"

"बुडली. नाव यादीत आखरीले गेलं."

"वाईट वाटलं?"

"वाटलं ना, खोटं काऊन बोलू? रस्ताभर वाटलं." त्यांनी बिल्ला खिशातून काढून बघितला. तो परत करायचा राहिला होता. "पन शिस्टर, तिथं पानी वाटाचं काम होतं. माह्यामांगं शंभर मानसं उभे होते. इथं चाबी एकच होती."

मी उगाच रजिस्टर चाळलं. ज्या शिस्तीला आम्ही भक्ती म्हणून हसत होतो, तिच्याच जोरावर त्या पोरांची लस टिकली होती. माझी श्रद्धा त्या दिवसापासून आहे, आणि ती कशावर आहे हेही मला पक्कं माहीत आहे. धडा मात्र साधा आहे: श्रद्धा एकच असली तरी चालते, चाव्या दोन लागतात.