नवरीचे गाल आणि माझी क्रीम

बुधवारी दुपारी भूगावच्या थांब्यावर बसची वाट पाहत होते तेव्हा पाठीवर सॅक होती आणि हातात आहेराची पिशवी. रविवारी माले गावात वैशालीचं लग्न होतं आणि सकाळीच तिने फोटो पाठवला होता. दोन्ही गाल लालबुंद, नाकाच्या कडेला सालपटं. खाली एकच ओळ, "अनू, तुझी क्रीम लावली गं."

वैशाली माझ्या ऑफिसातली मैत्रीण, हिंजवडीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी. तिची त्वचा माझ्यासारखीच, कोरडी आणि चिडकी. लग्नाआधी आम्ही ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिला केळवणाला बोलावलं होतं, तेव्हा मी मॉलमधून एक देखणी काचेची बाटली आणून दिली. सोनेरी झाकण, गुलाबाचा घमघमाट आणि आठवड्यात तेज येईल असं वचन. तेज आलं म्हणायचं, पण भलत्याच रंगाचं.

पौडच्या पुढे बिल्डरांच्या पाट्या विरळ झाल्या आणि भात काढून मोकळी झालेली खाचरं दिसू लागली. वारा असा कोरडा की बोलताना ओठ ताणत होते. शेजारी भाजीची पाटी मांडीवर घेतलेल्या एक मावशी होत्या.

"कुटं निगालीस?"

"माल्याला. लग्न आहे."

"वैशीचं? आगं, तिचं त्वांड भाजलंय म्हनं कसल्याशा किरीमनं. कुन्या शेहरातल्या मैतरनीनं दिली म्हनं."

"असं होय," म्हणत मी खिडकीबाहेरची खाचरं फार मन लावून पाहू लागले.

माल्याला उतरले तर घरापुढे मांडवाचे बांबू उभे राहत होते. वैशाली आतल्या खोलीत ओढणी गुंडाळून बसली होती. गाल थंड पडावेत म्हणून आत्या-मावश्यांनी बेसनात लिंबू पिळून लावलं होतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. डोळ्यांत पाणी आलं की ते गालावर झोंबायचं, आणि झोंबलं की आणखी पाणी यायचं.

तिची आई, सुमनकाकू, पदर खोचून दारात उभी राहिली. "तूच व्हय ती किरीमवाली?"

"हो, काकू."

"तू सोता काय लावतीस?"

मी सॅकमधून माझी ट्यूब काढली. औषधाच्या दुकानातली, पांढरी, मलमासारखी दिसणारी. काकूंनी झाकण उघडून हुंगलं.

"ह्याला तर वासच न्हाई."

"म्हणून तर मला चालते."

"मंग हिला हीच का न्हाई दिलीस?"

खरं कारण लाजिरवाणं होतं. ती ट्यूब भेट म्हणून शोभली नसती. चार जणींसमोर पिशवीतून काढायला मलाच कमीपणा वाटला असता. गेली सहा वर्षं माझा चेहरा तिच्यावर चालतोय आणि मैत्रिणीला मात्र मी झाकणाचा रंग पाहून क्रीम दिली.

गालांना पाणी सुटलेलं नव्हतं, सूजही नव्हती. नाहीतर सरळ पौडला डॉक्टरकडेच नेलं असतं. मी साबण, बेसन, लिंबू सगळं बंद केलं. आधी ट्यूबमधलं थोडंसं वैशालीच्या कानामागे लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबलो. खाजलं नाही. मग कोमट पाण्याने तोंड धुवायचं, सुती कापडाने नुसतं टिपायचं, आणि चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावायची. चोळायची नाही. हे सकाळ-संध्याकाळ. चुलीपाशी बसायचं नाही. "नवरी हाय का म्हाराणी?" असं वैशालीच्या एका मावशीने विचारलंच.

त्याच मावशीने शुक्रवारी घोटाळा केला. ट्यूब कोनाड्यात दिसली, पायाच्या भेगांना लावून पाहिली, आराम पडला म्हणून दोन्ही टाचांना थापली. "लई ग्वाड वाटलं गं!" ट्यूब चपटी झाली होती. नाचणीची भाकरी आणि पावट्याची उसळ तशीच टाकून मी पौड गाठलं. दुकानदाराने मला काचेच्या तीन बाटल्या दाखवल्या. "ताई, ही घ्या की, काय वास हाय!" मी म्हटलं, "दादा, मला बिनवासाची द्या. दिसायला कशीही चालेल." त्याने खालच्या फळीवरून तीच पांढरी ट्यूब काढली.

शनिवारी गाल गुलाबीवर आले होते आणि खरी कसोटी त्याच दिवशी होती. नवऱ्याच्या गावाहून, नांद्याहून, उष्टी हळद (नवऱ्याला लावून उरलेली, नवरीसाठी पाठवलेली) येणार होती. ती नवरीच्या तोंडाला लावायची नाही म्हणजे सासरचा अपमान. लावली तर तीन दिवसांची मेहनत पाण्यात. काकू सकाळपासून कुणाशी धड बोलत नव्हत्या.

हळद घेऊन नवऱ्याची आत्या आली, भरदार, करड्या आवाजाची. तिने वैशालीची हनुवटी वर केली.

"हे कशानं झालं?"

मांडवातलं गाणं थांबलं. काकूंनी मान खाली घातली. मी पुढे होऊन म्हटलं, "माझ्यामुळे. मी दिलेल्या क्रीमने. अजून कातडी हळवी आहे, हळद झोंबेल तिला."

आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"मंग तोंड पाडून का बसलायसा? हाताला लावा, पायाला लावा. हळद लागली म्हंजी लागली. आमी सून न्यायला आलोय, तिला रडवायला न्हाई." आंब्याच्या पानाच्या टोकाने तिने कपाळावर, चांगल्या कातडीवर, एक ठिपका दिला आणि बायकांवर ओरडली, "गप का झाला? म्हना की!"

त्या दुपारी काकूंनी माझ्या ताटात न विचारता दुसरी पुरणपोळी वाढली. "खा. वाळलीयास नुसती."

रविवारी दुपारी लग्न लागलं. वऱ्हाड नांद्याला निघालं तेव्हा मला पिरंगुटपर्यंत नवरीच्याच गाडीत जागा मिळाली. वैशाली आईच्या गळ्यात पडली ती सुटेना. काकू म्हणाल्या, "जा आता," आणि स्वतःच घरात निघून गेल्या.

गाडी पौडकडे निघाली. मी विचार करत होते, माणसाला काय द्यावं, हे मी कितीदा त्याच्याकडे न पाहता दुकानाच्या आरशात स्वतःकडे पाहून ठरवलंय. आईच्या वाढदिवसाला, भावाच्या घरभरणीला, सगळीकडे. आपल्याला काय सोसतं ते आपल्याला नीट माहीत असतं, आणि प्रेमाच्या माणसाला तेवढंच सांगायला आपण लाजतो.

शेजारी वैशाली हमसून रडत होती. मी घाईघाईने मऊ रुमाल काढला. "चोळू नकोस, नुसतं टिप. पुन्हा झोंबेल."

तिने माझा हात बाजूला केला. "झोंबत नाही गं आता. जरा रडू दे की मला."

मी रुमाल मांडीवर ठेवला आणि पिरंगुट येईपर्यंत तिच्याबरोबर मीही रडून घेतलं.