पट्ट्याचा वेग

औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरणाऱ्या त्या कारखान्यात बायकांचा एकेकाळी ताईंवर फार जीव होता. ताई सुपरवायझर झाल्या तेव्हा बाटल्या पुढे सरकवणारा पट्टा जुना होता आणि त्याची कळ त्यांच्या हाताशी होती. कुणाचा खांदा भरून आला की त्या न सांगता पट्टा हळू करायच्या. तरी कोटा पुरा व्हायचा. साहेबालाही सुनवायच्या, "माझ्या बायकांचं मी बघते, तुम्ही तुमचं बघा."

मग नवा पट्टा आला. वेगाची पेटी खांबावर, वर झाकण. मॅनेजर जाता जाता म्हणाला, "आता सगळं वरून ठरतं. तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका." ताईंनी निमूट मान डोलावली. भांडल्या नाहीत, झाकण उघडूनही पाहिलं नाही. पण हुकमत गेली तरी ती गाजवायची खोड थोडीच जाते? ताईंना संडासाचा दरवाजा सापडला.

एका वेळी एकीनंच जायचं, तेही विचारून. पुढे बोलण्यावर बंदी आली, मग बांगड्यांवर. बायका पाठीमागे त्यांना 'ताईसाहेब' म्हणू लागल्या. वेगाबद्दल कुणी कुरकुरलं की ताईसाहेब हात वर करायच्या, आणि लगेच कुणाच्या तरी सैल ॲप्रनवरून तिला फाडून खायच्या.

त्याच पट्ट्यावर त्यांची थोरली जाऊ होती. तिनंच शब्द टाकून ताईंना इथे चिकटवलं होतं, काम शिकवलं होतं. घर एक, चूल एक. जावेला साखरेचा आजार, त्यामुळे तिला सारखं जावं लागे. एका दुपारी ती पुन्हा जवळ आली.

"अगं, पटकन जाऊन येते."

"वहिनी, मघाशीच जाऊन आलात ना? तुम्हाला सोडलं तर बाकीच्या म्हणतील, घरचं माणूस आहे."

"नाही गं धरवत मला."

"मी तरी काय करू? पट्टा थांबतोय का कुणासाठी?"

जाऊ जागेवर गेली. थोड्या वेळानं तिच्या पायाशी ओल पसरली. कुणी हसलं नाही. बायका बाटल्या उचलत राहिल्या आणि जाऊही खाली मान घालून उचलत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही. घरात चुली वेगळ्या झाल्या. माफीचे शब्द ताईंच्या ओठांवर यायचे, पण वेगच तसा होता, त्यात आपला काय दोष, असं म्हणून त्या ते गिळायच्या आणि गाढ झोपायच्या.

पुढे पट्ट्याच्या दुरुस्तीला मिस्त्री आला. त्यानं पेटीचं झाकण उघडलं. आत फिरवायची साधी कळ होती.

"याला कुलूप नसतं?" ताईंनी विचारलं.

"कुलूप कशाला? वरून येतो तो कोटा. वेग तुम्हीच लावायचा. पलीकडच्या पट्ट्यावरच्या बाई रोज कमीजास्त करतात. तुमचा मात्र मी बसवून गेलो तसाच आहे, अगदी वरच्या टोकाला. मला वाटलं, तुम्हाला असाच हवाय. कमी करू?"

ताईंनी वळून पाहिलं. मागे बायका खांदे चोळत उभ्या होत्या. कळ जराशी फिरली असती तर त्यांना श्वास घेता आला असता. पण मग संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळलं असतं, की ती आधीही फिरवता आली असती. घरी जावेलाही कळलं असतं.

"नको," ताई म्हणाल्या. "लावा झाकण."