दोन बजेटं आणि विहारातली बैठक

कमळाबाई पालिकेच्या प्रसूतिगृहात आया होत्या. निवृत्त झाल्यापासून नायगावच्या विहारात त्या दर रविवारी बायकांची बैठक घेतात. शिक्षण सातवीपर्यंत, पण छापलेला कागद हाती आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार.

पालिकेची निवडणूक लागली तेव्हा दोन्ही आघाड्यांनी घरोघर पुस्तिका वाटल्या, आम्ही आलो तर बजेट असं मांडू म्हणून. एकीने घरटी एका बाईला महिना हजार रुपये देऊ केले. दुसरीकडे रोख काही नव्हतं, पण पालिकेचे दवाखाने रात्री नऊपर्यंत उघडे राहतील आणि औषधं तिथेच फुकट मिळतील, असं लिहिलं होतं. कमळाबाईंनी मुलीला, दीपिकाला, शेजारी बसवून दोन्ही वाचून काढल्या.

"आई, पैसे कुठून आणणार ते कुणीच धड लिहिलं नाहीये," दीपिका म्हणाली. पहिलीत रस्त्यांचे पैसे वळवू असं होतं. दुसरीत नुसतं 'काटकसर'.

रविवारी कमळाबाईंनी बैठकीत दोन्हीतली पानं मोठ्याने वाचली. घरकामं करणारी रखमा लगेच म्हणाली, "मला दवाखाना पायजे. कामावरून येईपर्यंत कुलूप लागलेलं असतं. शुगरच्या गोळ्या बाहेरून घेते, त्यालाच बाराशे जातात. हजार घेऊन काय करू?"

बहुतेकींनी माना डोलावल्या. कमळाबाईंनाही तेच वाटत होतं.

मग मागून रमाबाई बोलल्या. सत्तरीच्या, एरवी गप्प बसणाऱ्या. "मुलगा घरात सगळं आणतो. पण माहीमला बहिणीकडे जायचं तरी त्याच्याकडे मागावं लागतं. मागच्या वर्षी ती आजारी होती. मागायची लाज वाटली म्हणून मी गेलेच नाही. दवाखाना चांगलाच आहे गं. पण ते हजार माझ्या नावावर येतील."

रखमा कमळाबाईंकडे वळली.

"मावशी, मग तुम्हीच सांगा, मत कुणाला द्यायचं?" रखमाने विचारलं.

"घरून सांगायचं ठरवून आले होते," कमळाबाई म्हणाल्या. "आता नाही सांगत."

त्यांनी स्वतः मत दवाखान्यालाच दिलं, हे फक्त दीपिकाला माहीत आहे. निवडून आली ती रोख देणारी आघाडी. पहिल्याच बजेटमध्ये हजाराचे पाचशे झाले, तेही साठीपुढच्या बायकांनाच. रखमा बावन्नची. "मला ना हे मिळालं, ना ते," ती म्हणाली.

रमाबाईंचा फॉर्म कमळाबाईंनी दीपिकाकडून भरून घेतला आणि पहिले पैसे आले त्या आठवड्यात रमाबाई कुणाला न विचारता माहीमला जाऊन आल्या. दवाखाना निदान दोन दिवस तरी संध्याकाळी उघडा ठेवा, असा अर्ज कमळाबाईंनी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात एकशे बारा सह्यांनिशी दिला. त्याला पाच महिने झाले. तिथले साहेब म्हणतात, माणसं नाहीत. कमळाबाई दर सोमवारी जाऊन साहेबांच्या दारातल्या बाकावर बसतात. हल्ली रखमाही एका घरचं काम उशिराने करते आणि त्यांच्यासोबत जाते.