पाडव्याचं उटणं आणि स्पेनमधला हमाम

मी देवाला हात जोडते तेसुद्धा सासूबाई फोनवर विचारतात म्हणून. भुताखेतांचं तर माझ्यासमोर नावच काढू नका. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. पण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही… म्हणून लिहितेच.

२००६ ची दिवाळी. आम्ही अमेरिकेत नोव्हायला, नवरा निखिल गाड्यांच्या कंपनीत, मी एच-फोरवर, म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधारानं, घरी. त्याला कंपनीनं तीन आठवडे स्पेनला पाठवलं. मीही जाणार होते, तिकीटसुद्धा काढलं होतं! पण आदल्या वर्षी भारतात गेलो तेव्हा त्यानं व्हिसाचं स्टॅम्पिंग करून घेतलं आणि मी बहिणीच्या लग्नाच्या खरेदीत रमले… 'पुढच्या वेळी बघू.' वकील म्हणाला, तुमचा जुना शिक्का संपलाय, आता बाहेर गेलात तर नव्या स्टॅम्पिंगशिवाय परत येता येणार नाही. झालं! माझं तिकीट कॅन्सल. आणि त्याच्या टीममधून कोण गेलं? रेवती. ग्रीनकार्डवाली, मोकळे केस, सदा खिदळणारी. नुसता जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे पाडव्याला बायको नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते. त्या सकाळी आठला त्याचा फोन. "अगं, सगळे मिळून जुना मूरिश हमाम, म्हणजे न्हाणीघर, बघायला आलोय. छताला चांदण्यांसारखी भोकं आहेत, त्यातून ऊन येतं. पाणी मात्र कित्येक शतकं नाही इथे." मागून रेवती, "निखिल, तिकडे उभा राहा ना, फोटो काढते!" फोन बंद.

माझी अशी सणकली ना! वाटीत तेल-उटणं कालवलं, बाथरूममध्ये रिकाम्या स्टुलासमोर बसले आणि म्हटलं, "जा, न्हा तिच्याचबरोबर!"

आमच्या त्या बाथरूमला खिडकी नाही. तरी टबाच्या कडेवर उन्हाचे तुकडे पडले… चांदण्यांच्या आकाराचे. दमट, गरम हवा. आणि माझ्या हाताखाली पाठ. शर्टासकट. ती पाठ मी ओळखते हो! रागाच्या भरात मी एक सणसणीत ठेवून दिली. हात झिणझिणला. पुढच्या क्षणी समोर नुसतं स्टूल.

वाटलं, उपाशीपोटी भास झाला. पण तीन दिवसांनी रेवतीनं सगळ्यांना फोटो ईमेल केले. एकात निखिल पाठमोरा, निळ्या शर्टावर पिवळट, तेलकट पंजा उमटलेला.

मी तडक तिला फोन लावला. भांडायलाच.

"अगं, आम्हीपण तेच विचारलं त्याला!" ती म्हणाली. "तो एकटाच होता तिकडे, आम्ही सगळे दाराशी. भिंतीला टेकला म्हणावं तर भिंत कोरडी ठणठणीत. मला तर घाबरायलाच झालं यार."

तिचा आवाज खरा होता. माझा संशय तिथेच गळाला.

निखिल परत आला, तेव्हा बॅगासुद्धा उघडू दिल्या नाहीत मी. "खरं सांग, काय झालं तिथे?"

"कुणीतरी पाठीवरून हात फिरवला," तो म्हणाला. "हळूच… इतक्या मायेनं की डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मला वाटलं, तूच आलीस. पण…"

"पण काय?"

"काही नाही."

"बोल ना!"

"पण तू असा कधी फिरवला नाहीस गं."

मी तर चापट मारली होती! त्याला सांगितलं, तर त्याला चेष्टाच वाटली. मग ती माया कुणाची? रेवती हल्ली आमच्याकडे जेवायला येते, तिचं काही वाटत नाही. मी जळते ती त्या हातावर.

परवाच्या पाडव्याला त्याला स्टुलावर बसवलं आणि जमेल तितक्या हळुवारपणे पाठीला तेल लावलं. त्यानं डोळे मिटून घेतले. शेवटी मीच विचारलं, "तसंच वाटतंय का रे?"

निखिलला खोटं बोलता येत नाही. "नाही गं," तो म्हणाला.