मान्सूच्या वाट्याचा चमचा

भात शिजवायच्या आधी कान्नान मोजलेल्या तांदळातून माणशी एक चमचा बाजूला काढायची आणि खिळ्याला टांगलेल्या पांढऱ्या पिशवीत टाकायची. एक स्वतःचा, एक सुनेचा, एक नातवाचा. रविवारी ती पिशवी चर्चच्या दारातल्या रांजणात रिकामी व्हायची. डोंगरातल्या त्या गावच्या साऱ्या ख्रिस्ती बायकांची हीच रीत होती. त्या रांजणावर पाळकाचं घर चालायचं आणि गावातल्या निराधारांचंही.

लढाई थांबून पहिलाच वसंत होता. कान्नानचा मुलगा आघाडीवरून परतला नव्हता. तांदूळ तळाला गेला होता, जव अजून हिरवे होते. पाइनची साल कुटून तिच्या पेजेत मूठभर तांदूळ घालायचा, तेवढंच जेवण. सून तोक्सिलचं दूध आटलं होतं. मान्सू या नावाचा अर्थ दहा हजार वर्षांचं आयुष्य. त्या नावाचं तिचं चार महिन्यांचं पोर आता रडतही नव्हतं.

"आई, त्याचा चमचा तरी काढू नका," तोक्सिल म्हणाली. "तो कुठं भात खातो?"

"त्याच्या नावानं दिलं तर देव त्याच्याकडे बघेल. बायबलातल्या त्या विधवेनं शेवटच्या पिठाची भाकर संदेष्ट्याला दिली, तिचं पीठ कधी संपलं का?"

"तिच्या दारात संदेष्टा आला होता. आपल्या दारात कोण येतंय?"

कान्नाननं चमचा पिशवीत टाकला.

रविवारी तिनं पिशवी रांजणावर उलटी केली. आधी मूठभर तांदूळ पडला आणि मग नुसता कोंडा. मागं गिरणीवाल्याची बायको उभी होती.

"काय हो कान्नान, देवानं कोंबड्या पाळल्यात वाटतं?"

दोघीतिघी हसल्या. तांदूळ काढून कोंडा सुनेनंच भरला, हे कान्नानला कळलं. तिचे कान तापले.

"मीच भरला," ती म्हणाली. "हल्ली दिसत नाही मला नीट."

पाळक म्हातारा होता. रांजणातून दोन वाडगे तांदूळ काढून तो तिच्या पिशवीत ओतू लागला. तिनं पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

"देवाला दिलेलं परत कसं घेऊ?"

"देवाचं आहे म्हणूनच घ्या. रांजण कशासाठी ठेवलाय?"

"नको पाळकसाहेब. आमचं भागतंय."

घरी तोक्सिल चुलीपाशी बसली होती. सासू ओरडेल म्हणून तिनं मान आधीच खाली घातली होती.

"तीन दिवस पेज गाळून पाजली," ती म्हणाली. "प्याला तो. काल रडलासुद्धा."

कान्नान ओरडली नाही. उठून चर्चला परत जावं असं तिच्या मनात आलं. पण त्या बायका अजून अंगणात असतील. सोमवार गेला, मंगळवार गेला. घरचा तांदूळ संपला आणि मान्सू पुन्हा गप्प झाला. बुधवारी ती रिकामी पिशवी घेऊन गेली. पाळकानं ती गळ्यापर्यंत भरून दिली.

मान्सूनं दोन दिवस पेज घेतली, तीही ओठांवरून ओघळायची. शुक्रवारी सकाळी तो गेला. पाळकानं आणि दोघा शेजाऱ्यांनी त्याला टेकडीवर पुरलं.

त्या संध्याकाळी शिजवायचा तांदूळ तोक्सिलनं मोजून घेतला. तिनं पिशवीत एक चमचा टाकला, मग दुसरा, मग तिसरा.

"तीन?" कान्नाननं विचारलं.

"हो."

रविवारी कान्नान पिशवी घेऊन रांजणापाशी आली. गिरणीवाल्याची बायको सरकून उभी राहिली. कान्नाननं तांदूळ ओतला, पिशवी झटकली आणि तिची घडी घातली. मग ती बायकांकडे वळली. चारचौघांत ती आजवर आपणहून कधी बोलली नव्हती.

"त्या दिवशी मी खोटं बोलले. आमचं भागत नव्हतं," ती म्हणाली. "कुणाच्या घरी तान्हं असेल तर यातलं आजच न्या. बुधवारपर्यंत थांबू नका."