बाबांसाठी लिहिलेला क्लास

बाबांना लकवा झाला तेव्हा मी परभणीत कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. बोरीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. शिकवताना त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. दवाखान्यातून घरी आणले ते उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गमावून. डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची.

आई दिवसभर विचारत राहायची. "पाणी देऊ का? कूस बदलू? पंखा कमी करू?" ते छताकडं बघायचे आणि मधेच कण्हायचे. आई माझ्याकडं वळून म्हणायची, "काय म्हणायलेत तेच कळंना गं माय."

त्याच सुमारास कॉलेजात आम्हाला एक खेळ लिहायला दिला होता. आपण मनात एक आकडा धरायचा आणि कॉम्प्युटरनं तो ओळखायचा. त्याचा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा साचा, लिहून झाल्यावर सर म्हणाले, "आता यावरून दुसरा क्लास काढा. जुन्याचं सगळं नव्याला आपोआप मिळतं. जेवढं वेगळं पाहिजे तेवढंच त्याच नावानं पुन्हा लिहा, म्हणजे जुन्याच्या जागी तुमचं चालेल." बाकीच्यांनी आकड्यांच्या जागी फळं घातली, गावं घातली. मी बाबांच्या गरजा घातल्या.

अंदाज कशातून करायचा, कसं विचारायचं, उत्तर कसं घ्यायचं, एवढंच मी पुन्हा लिहिलं. पाणी, कूस, पंखा, लघवी, दुखणं. पडद्यावर अक्षरं दाखवण्याऐवजी माझा रेकॉर्ड केलेला आवाज. हो असेल तर स्पेसबार दाबायचा. नसेल तर काहीच करायचं नाही, थोडं थांबून प्रोग्राम पुढचं विचारेल. बाकी सगळं जुन्या क्लासचंच राहू दिलं.

लॅपटॉप त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवला. आतून माझा आवाज आला, "बाबा, पाणी पाहिजे?" बोट हललं. स्पेसबार दाबला गेला. आईनं घाईघाईनं चमच्यानं पाणी पाजलं, ते त्यांनी घेतलं. तिनं पाथरीला मामांना फोन लावला. "अरे, हे सांगायलेत आता! कॉम्प्युटरातून सांगायलेत!"

दुसऱ्या दिवशी मामा आले. त्यांच्यासमोर पुन्हा सुरू केलं. पाणी पाहिजे? दाबलं. या वेळी पाणी ओठांवरून गळ्यावर ओघळलं. तरी पुन्हा विचारल्यावर पुन्हा दाबलं. मामा म्हणाले, "लय तहान लागली असंल उन्हाची."

मामा परत गेल्यावर मी प्रश्नांचा क्रम बदलला. दुखणं पहिलं ठेवलं. दाबलं. भर मे महिन्यात विचारलं, पंखा बंद करू? दाबलं. मग प्रश्नाच्या जागी कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून लावली. बाबांनी तेवढ्याच तत्परतेनं स्पेसबार दाबला.

मी लॅपटॉप बाजूला घेतला. त्यांचं बोट चादरीवर तसंच हलत राहिलं.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आवाज ऐकू येतो त्यांना, अर्थ लागत नाही. आता फार आशा धरू नका." आईला घरी येऊन सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक नवीन घाल त्याच्यात. मला ओळखता का म्हणून विचार."

"आई, ते काहीही विचारलं तरी दाबतात."

"दाबू दे. तू घाल."

मी रेकॉर्ड केलं. आई त्यांच्यासमोर पदर सारखा करून बसली. प्रश्न आला, बोट हललं. "बघ," आई म्हणाली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

पुढं ती रोज दुपारी लॅपटॉप घेऊन बसायची, फक्त तेवढाच प्रश्न लावायची. दिवाळीनंतर बाबांचा तोही हात थांबला. मग आई सगळेच प्रश्न लावू लागली. माझा आवाज एकामागून एक विचारत जायचा आणि यादी संपली की पडद्यावर जुन्या क्लासमधलं वाक्य यायचं, जे बदलायचं मला कधी सुचलंच नव्हतं: 'हरलो, आता तुम्हीच सांगा.'

आईला ते वाचता यायचं. ती झाकण मिटायची आणि त्यांच्या पाठीला पावडर लावायला घ्यायची.