मामांच्या गाडीतलं गाणं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्यामुळे. ते हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतात. कुणीतरी गाडीत विसरलेल्या पेनड्राइव्हमुळे त्यांना पॉवर मेटल या दणदणीत रॉक संगीताचा नाद लागला. सुट्टीला आमच्या गावी, पौडला आले की मी त्यांना त्या इंग्रजी गाण्यांचे अर्थ सांगायचो. ड्रॅगन, तलवारी, गेलेलं राज्य. "लई भारी! म्हंजे हरलेला गडी परत उठतोय व्हय," ते म्हणायचे. आम्हा दोघांनाही त्यातलं तेवढंच हवं असायचं.

नोकरी लागल्यावर एकदा आम्हाला ऑफिसला न्यायला नेमकी त्यांचीच कॅब आली. गाडीत लागलेलं गाणं ऐकून, मेटलचा कुठला प्रकार खरा यावरून सहकाऱ्यांचा वाद जुंपला.

"खरं मेटल म्हणजे डेथ!"

"थ्रॅश! ही तर लहान मुलांची गोष्ट आहे."

मी सगळ्यांत मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "भैया, ये बंद करो."

मामांनी गाणं बंद केलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी रूट बदलून घेतला. मला फोन करायचा धीर झाला नाही, म्हणून पत्र लिहिलं:

"मामा, नमस्कार. मला ती गाणी आजही आवडतात. तुम्ही माझे मामा आहात, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी गाडीतच सांगायला हवं होतं."